पत्र्याखालची बरणी

सत्काराच्या व्यासपीठावर मला माझा आजार कळला. सत्कार अर्थात माझा नव्हता. जालन्यात आणि आसपासच्या तालुक्यांत कुणाची एकसष्टी, निवड किंवा फेरनिवड झाली की मानपत्र लिहायला मला बोलावत. मी शाळेत इतिहास शिकवायचो, अक्षर बरं होतं, आणि ‘विकासपुरुष’, ‘दीनांचे कैवारी’ असले शब्द मी न हसता लिहू शकत असे. त्या दिवशी एका संस्थेचे अध्यक्ष साठ वर्षांचे झाले होते. त्यात त्यांनी स्वतः काय केलं ते मला सापडलं नव्हतं, तरी मी दीड पान भरलं होतं. वाचून जागेवर बसलो तेव्हा शेजारच्या चित्रकलेच्या सरांनी माझ्या छातीकडे बोट केलं.

“सर, पेन गळालं वाटतं.”

पेन माझ्या हातात होतं, टोपण लावलेलं. शाई निळी होती. सदऱ्यावर डावीकडे रुपयाएवढा डाग होता, तो तांबूस तपकिरी होता.

मानपत्र लिहिणाऱ्यालाही एक शाल मिळते. ती मी त्या दिवशी पहिल्यांदाच मनापासून पांघरली.

घरी येऊन बनियन स्वतः धुतलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी कधी रुमालही धुतला नव्हता. माझी बायको शैला मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. “आज काय विशेष? सत्कार तुमचाच होता का?”

मी म्हणालो, चहा सांडला. डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आहे हे मला सहा महिन्यांपासून माहीत होतं. पुरुषाच्या छातीत गाठ म्हणजे काय असणार, असं मी स्वतःला समजावलं होतं. मी वाचणारा माणूस आहे, पण त्या सहा महिन्यांत या विषयावरचं एक पानही मी उघडलं नाही. कशावर वाचायचं नाही हे वाचणाऱ्या माणसाला चांगलं कळतं.

लागू नाही

शैलाला चहाचा डाग ओळखता येतो. आठवड्याच्या आत तिनं मला जालन्यातल्या एका सर्जनपुढे बसवलं. त्यांनी छोटा तुकडा काढला, बाटलीत घातला, आणि ओळखीच्या एका कंडक्टरच्या हाती ती बाटली त्याच दुपारी औरंगाबादच्या प्रयोगशाळेत पोचली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिनंच मला वाचवलं.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी कागद आधी स्वतः दोनदा वाचला. मग म्हणाले, “स्तनाचा कर्करोग आहे. पुरुषांनाही होतो. क्वचित.”

‘क्वचित’ हा शब्द ज्याच्या वाट्याला येतो त्याला त्यातून फारसा दिलासा मिळत नाही. मी विचारलं, “पण हा तर बायकांचा आजार ना?” डॉक्टर म्हणाले, “सर, आजाराला कुणी कळवलेलं नाही.”

औरंगाबादच्या कॅन्सरच्या दवाखान्यात एक छापील अर्ज भरायचा होता. पहिली पाळी कितव्या वर्षी आली, बाळंतपणं किती, मुलांना अंगावर किती महिने पाजलं. मी ओळीनं ‘लागू नाही’ लिहीत गेलो. शेवटी एक प्रश्न होता: घरात आणखी कुणाला हा आजार होता का? तिथं माझा हात थांबला. तिथं ‘लागू नाही’ लिहिता येत नव्हतं.

आई

आई १९८१ साली गेली. आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून दोन कोसांवर. मी तेव्हा जालन्यात नोकरीला नवा होतो, सणासुदीला गावी जायचो. ती जायच्या आधीच्या दिवाळीत आई ओट्यावर वाकून करंज्या भरत होती. तिचा पदर खांद्यावरून घसरला आणि चोळीवर, डाव्या बाजूला, मला एक तपकिरी डाग दिसला. ओला होता. आईनं पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कढईकडे पाहिलं.

एवढंच. मुलानं आईला असलं काही विचारायचं नसतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवावं लागलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्याच्या आधीच ती गेली. गावात सांगितलं, अंगातली ताकद गेली. मीही तेच सांगत आलो.

तिच्या गाठीचा तुकडा कुणी काढला नाही, कुठल्या बाटलीत घातला नाही. तिच्याबद्दलचा कागदच नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला कागद नसणं म्हणजे काय ते कळतं. अर्जात मी ‘आई’ एवढंच लिहिलं.

बरणी

ऑपरेशन जालन्यातच झालं, भाद्रपद पौर्णिमेला. त्याआधी सिस्टरनं शैलाला सांगितलं होतं, मोठ्या तोंडाची बरणी आणा. आमच्या घरात तशी एकच होती, लोणच्याची. शैलानं ती सोडा घालून तीनदा धुतली. संध्याकाळी ती माझ्या खाटेशेजारी स्टुलावर होती. आत औषधात बुडालेला माझा तुकडा. मी तिकडे पाहायचं टाळलं, पण चष्मा काढला तरी ती दिसत होती.

डॉक्टर म्हणाले, “उद्या सकाळीच औरंगाबादला पोचवा. मोठा भाग आहे, औषध मधोमध जायला वेळ लागतो. तिथं ते लगेच काप करतील. उशीर नको.”

हे शैलानं ऐकलं आणि मी ऐकलं. बरणी नेणार होता माझा मोठा भाऊ, दादा. तो खाली चहाला गेला होता.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. माझ्या लग्नापासून दादा आणि शैला एकमेकांशी थेट बोलले नव्हते. भांडण काहीच नाही. थोरला दीर आणि धाकटी भावजय बोलत नसत, इतकंच. दादा आला की शैला पदर घेऊन दाराआड उभी राहायची आणि म्हणायची, “त्यांना सांगा, जेवण झालंय.” दादा भिंतीकडे बघून म्हणायचा, “तिला सांग, हात धुऊन येतो.” मध्ये मी. पंचवीस वर्षं या दोघांचे निरोप मी इकडून तिकडे पोचवत होतो.

दादा आला, बरणीकडे बघून त्यानं टोपी नीट केली.

“वसंता, उद्यापासून पितर बसत्यात.”

“मग?”

“मंग काय. अंगाचा भाग हाय ह्यो. ह्या पंधरा दिसांत त्यो बाहीर धाडायचा न्हाई. वाट उघडी असती. त्यो आपला तिकडंच निघून जायचा आन् मागून तुलाबी बोलावून घ्यायचा. सर्वपित्री होऊ दे. घट बसले की मी स्वतः घेऊन जातो. बिलकुल कुणावर टाकत न्हाई.”

शैला दाराशी होती. ती हळूच म्हणाली, “त्यांना सांगा, डॉक्टर उद्याच म्हणालेत. उशीर चालणार नाही.” बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजत होती.

दादानं भिंतीला विचारलं, “काय म्हणतीय ती?”

मी म्हणालो, “विचारतेय, चहा घेणार का.”

“आत्ताच घेतला,” दादा म्हणाला.

लिहून टाकतो, कारण हे लिहिण्यासाठीच बसलोय. पितरांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वर्गात त्यावर मी विनोद करायचो. पण त्या बरणीतून कळणार होतं की रोग काखेतल्या गाठींपर्यंत गेला आहे का, पुढे काय. ते न कळलेला माणूस म्हणून मला पंधरा दिवस मिळत होते, आणि ते मी मागितले असं कुणी म्हणणारही नव्हतं. दादाच्या श्रद्धेचा मी आडोसा घेतला. शैलानं माझ्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं तसं आईनं पाहिलं होतं, दिवाळीत.

पंधरवडा

बरणी घरात ठेवणं शक्य नव्हतं, खाली पितरांचा स्वयंपाक. ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिथं जुनी पुस्तकं, मोडका पाळणा आणि मी लिहिलेली पण नाकारली गेलेली दोन मानपत्रं होती. भाद्रपदातलं ऊन पडलं की पत्रा तापून टकटक वाजायचा. माझी खाट बरोबर त्या खोलीखाली होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर मला वाटलं होतं, दुखेल. दुखणं काहीच नव्हतं त्याच्यापुढे. छातीच्या ज्या जागी आता फक्त टाके होते तिथं मला खाज यायची, आणि मी खाजवायला हात नेला की तिथं काही नसायचं. ते वर होतं. दुपारी वाचत पडलो की पत्रा वाजे, आणि मला वाटे, वर कुणीतरी बोटानं काचेवर वाजवतंय, विचारतंय, आता नेता का. मी पान उलटायचो.

नवमीला आईचं पान होतं. ती सवाष्ण गेली, म्हणून तिचं अविधवा नवमीला. त्या वर्षी मी गावी जाऊ शकत नव्हतो, म्हणून दादाच सगळं घेऊन जालन्याला आला. खीर, वडे, अळूची भाजी. शैलानं पान वाढलं. दादानं पाणी सोडलं, मोठ्यानं तीन पिढ्यांची नावं घेतली. पाटावर आईचा फोटो. डोक्यावरून पदर, डावा खांदा नीट झाकलेला. खाली आई बसली होती आणि वर, पत्र्याखाली, तिचाच आजार बरणीत होता. त्या घरात कोण जिवंत आणि कोण नाही याचा हिशोब मला लागेना. मी जेवलो नाही. दादा म्हणाला, “औषधानं तोंड गेलंय त्याचं.”

तेव्हापासून शैलानं लोणचं कधी काचेच्या बरणीत घातलं नाही.

सोळाव्या दिवशी, घट बसल्यावर, दादानं ठरल्याप्रमाणे बरणी स्वतः औरंगाबादला नेली. शब्दाचा पक्का माणूस.

पेढे

काखेतल्या दोन गाठींत रोग होता. जे ऐकायचं टाळलं होतं ते असं सोळा दिवस उशिरा ऐकलं. मेणात बसवलेला तुकडा आणखी एका चाचणीसाठी मुंबईला गेला.

ही चाचणी मला नंतर समजली, ती साध्या शब्दांत सांगतो. शरीरात संप्रेरकं फिरतात. ती पेशीला सांगतात, वाढ, थांब. ते निरोप घ्यायला पेशीत काही प्रथिनं बसलेली असतात. काही कर्करोगांच्या पेशीत ती भरपूर असतात, आणि निरोपावर निरोप घेऊन त्या पेशी वाढत राहतात. अशांसाठी एक गोळी आहे, जी त्या प्रथिनाच्या जागेवर जाऊन बसते आणि निरोप आत जाऊ देत नाही. पण आधी ती प्रथिनं आहेत का ते बघावं लागतं. त्यासाठी प्रतिपिंडं वापरतात. एक प्रतिपिंड एकाच प्रथिनाला ओळखतं आणि चिकटतं; त्याच्या मागून रंग चढवतात. प्रथिन असेल तिथं पेशी तपकिरी होते. नसेल तर निळीच राहते. कुलुपाला किल्ली लावून बघण्यासारखं.

माझा कागद आला. निगेटिव्ह.

दादानं पेढे आणले. मलाही एक भरवला. मी तो खाल्ला, कारण निगेटिव्ह म्हणजे चांगलं, एवढंच मलाही ठाऊक होतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “म्हणजे गोळीचा उपयोग नाही. फक्त सलाईनमधून औषधं, आणि मग बघू.”

‘मग बघू’ हे शब्द मी चार महिने डोक्यात घेऊन फिरलो. मला एवढंच कळत होतं की आईच्या वाटेवरून बाहेर पडायला मला एक दार होतं, आणि कागदानं ते बंद केलं होतं.

मानपत्रं लिहिणाऱ्या माणसानं तरी छापील कागदावर इतका विश्वास ठेवायला नको होता. त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती मी वाचली नाही. मानपत्रात तळाशी फक्त समितीची नावं असतात.

रझिया आपा

सलाईनच्या खोलीत सगळ्या बायका. मी पहिल्या दिवशी वर्तमानपत्र उघडून त्याच्या मागे बसलो. शेजारच्या खुर्चीवर जुन्या जालन्यातल्या रझिया आपा होत्या. लग्नाचे लिहाफ, म्हणजे रजया, शिवायच्या. एका हाताला सुई टोचलेली, दुसऱ्या हातानं माझं वर्तमानपत्र खाली केलं.

“भाईसाब, कित्ता छुपते? मरज कू मालूम नै तुमे मर्द हैं.”

त्यानंतर मी वर्तमानपत्र त्यांना वाचून दाखवू लागलो. उद्घाटनाच्या बातम्या त्यांना फार आवडत. कुणी मंत्री फीत कापतानाचा फोटो असला की म्हणायच्या, “कैंची तो मेरी अच्छी है.” केस गेल्यावर मी टोपी घालू लागलो, तर त्यांनी लिहाफाच्या उरलेल्या लाल साटिनचा एक रुमाल मला शिवून दिला. म्हणाल्या, “दूल्हा दिखते.” शैला त्या दिवशी कित्येक महिन्यांनी हसली.

पाचव्या वेळी त्या आल्या नाहीत. मी सिस्टरला विचारलं नाही. विचारायचं नाही ही आमच्याकडे जुनी सवय.

लाल रुमाल अजून आहे.

सोळा दिवस

पाचव्या सलाईनच्या आधी कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, “मला हा कागद पटत नाही. पुरुषांच्या या रोगात हे प्रथिन बहुतेक वेळा असतंच. इथल्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना स्लाइड दाखवून या.”

प्रयोगशाळा एका किराणा दुकानाच्या वर होती. मॅडम साठीच्या, पायात स्लिपर. भिंतीवर एकही सत्काराचा फोटो नव्हता. मला लगेच भरवसा वाटला. मी, शैला आणि दादा बसलो. शैला अर्थात दादाच्या मागच्या खुर्चीत, पदर घेऊन.

मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिल्या. मग दुसऱ्या नळीतून मला बघायला लावलं. सगळं निळं. गावच्या तळ्यावर संध्याकाळी उतरतो तसला निळा रंग, कुठं काही हलत नाही.

“हा रोगाचा भाग,” त्या म्हणाल्या. “रंग नाही, म्हणून निगेटिव्ह. पण ही कड बघा. या तुमच्या साध्या, निरोगी नळ्या. पुरुषालाही थोड्या असतात.”

“कशाला?” मी विचारलं.

“ते मला विचारू नका. पण यांच्यात काही पेशी तरी रंगायला हव्या होत्या. एकही रंगलेली नाही. मुंबईचं सामान चोख होतं, ते तपासायला त्यांनी सोबत रंगवलेली दुसरी स्लाइड छान रंगलीय. निरोगी पेशीही रंगल्या नाहीत, असं त्यांनी खाली लिहिलंयसुद्धा. कुणी वाचलं नाही का?”

कुणी वाचलं नव्हतं.

“म्हणजे रोग गप्प नाही, सर. सगळा तुकडाच गप्प आहे. मधला भाग कुजलाय, कडेचा औषधात आवळून गेलाय. प्रतिपिंडाला धरायला जागाच राहिली नाही.” त्यांनी चष्मा काढला. “बरणीत किती दिवस होता?”

दादा माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, “दोन-तीन दिवस असेल.”

कशासाठी म्हणालो? दादाची मान खाली जाऊ नये म्हणून, असं त्या क्षणी वाटलं. खरं म्हणजे माझी. त्या वाक्यावर माझा जीव टांगलेला होता आणि मी ते वाक्य लोकांच्या मानापमानाप्रमाणे लिहीत होतो, मानपत्रासारखं.

मागून आवाज आला. “सोळा दिवस.”

दादा वळला. त्यानं शैलाचा आवाज पंचवीस वर्षं दाराआडून ऐकला होता, असा समोरून कधी नाही.

“सोळा दिवस, मॅडम. पत्र्याखाली, उन्हात. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी न्यायला सांगितलं होतं. मी यांना म्हटलं होतं. यांनी पुढं सांगितलं नाही.”

खाली दुकानात कुणीतरी साबुदाण्याचा भाव विचारत होतं.

मॅडम उठल्या. कपाटातून खोका काढला, त्यात ओळीनं मेणाच्या वड्या. त्या बोट फिरवत गेल्या. “ऑपरेशनआधीचा छोटा तुकडा. तो आमच्याकडे त्याच दिवशी आला होता, मला आठवतंय, एस.टी.चा कंडक्टर घेऊन आला होता. हा बघा.” नखाएवढी वडी. मधे तीळभर काहीतरी. “यालाच विचारू.”

जिना उतरताना दादा मला म्हणाला, “मला तू चहाचं सांगितल्तं.”

“हो.”

“मला बराबर सांगितलं असतंस तं मी गेलो असतो वसंता. शिव्या देत, पण गेलो असतो.” मग दोन पायऱ्यांनी, “का न्हाई, कुणाला ठावं.”

तपकिरी

ही छोटी वडी मुंबईला गेली. या वेळी मॅडमनी स्लाइड आल्या आल्या निरोप धाडला. मी आणि शैला गेलो. नळीला डोळा लावला.

तपकिरी. एक नाही, दोन नाही, जिथवर नजर जाईल तिथवर, पेशीच्या मधोमध एकेक तपकिरी ठिपका. सदऱ्यावरचा रंग तोच. चोळीवरचाही.

“जोरदार पॉझिटिव्ह,” मॅडम म्हणाल्या. “गोळी सुरू करा. पाच वर्षं.”

शैला विचारू लागली, गोळी जेवणाआधी की नंतर. मी नळीवरचा डोळा काढला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: एकवीस वर्षांपूर्वी कुणी तीळभर तुकडा काढला असता तर तोही असाच दिसला असता का? आईच्या पेशीही असंच उत्तर द्यायला बसल्या असतील. विचारणारं कुणी नव्हतं. मॅडमना विचारावंसं वाटलं. त्यांच्याकडे आईची वडी नव्हती.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

गोळीनं अंगात एकदम उकळी फुटते, घाम येतो, चेहरा लाल होतो. बैठकीत मुख्याध्यापकांना वाटायचं, मी रागावलोय, त्यामुळे माझ्या दोन सूचना मंजूर झाल्या. शैला म्हणायची, “आता कळलं का, आम्हाला काय होतं ते?”

पुरुषांनी छातीतली गाठ दाखवावी. लाज वाटेल. ती पहिल्या दिवशी वाटते, नंतर शेजारची बाई वर्तमानपत्र खाली करते.

काढलेला तुकडा ज्याच्या हातात देतील त्यानं बाटलीवर काढल्याची वेळ लिहावी, तारीख नव्हे, वेळ. औषध तुकडा बुडून वर असावं. आणि ज्यानं जे ऐकलं त्यानं ते ज्याला सांगायचं त्यालाच सांगावं, मधल्या माणसावर सोडू नये. मधला माणूस घाबरलेला असू शकतो.

नवमी

पाचव्या वर्षी, अविधवा नवमीच्या सकाळी, दादाचा फोन आला. दरवर्षी त्या दिवशी मी दुपारपर्यंत गावी पोचायचो. म्हणाला, “तू येऊ नको. मीच येऊन राह्यलो.”

दारात आलेल्या जीपमध्ये त्याची मुलगी सुनंदा होती, वहिनी होत्या. सुनंदा माहेरी आजीच्या पानाला आली होती आणि पहाटे पुरण वाटताना वहिनींना म्हणाली होती, काखेत गाठ लागते. वहिनींनी ते दादाला सांगितलं. सरळ, तिथल्या तिथं.

“आन् आईचं पान?” मी विचारलं.

“वाढून झाल्तं. टोपली झाकून आलो. थांबंल ती.”

आमच्याच सर्जननी दुपारच्या आत गाठ काढली. लहान होती. सुनंदाला वहिनींजवळ आमच्या घरी निजवलं आणि बाटली घेऊन आम्ही तिघं औरंगाबादला निघालो. दादा मागच्या सीटवर, दोन्ही हातांत बाटली उभी धरून. शैला त्याच्या शेजारी. खड्डा आला की तो बाटली छातीशी घ्यायचा. जालना सुटल्यावर बदनापूरच्या अलीकडे तो म्हणाला,

“शैला, टायम लिहिला का बाटलीवर?”

मी पुढे बसलो होतो. माझी मान आपोआप वळली, निरोप घ्यायला. निरोप माझ्यासाठी नव्हता.

“लिहिला दादा,” शैला म्हणाली. “अकरा चाळीस.”

बदनापूर मागे पडलं. मग दादा म्हणाला, खिडकीकडे नाही, बाटलीकडे बघत,

“आईच्या चोळीवरचा डाग मला बी दिसल्ता.”

मी काचेतून रस्त्याकडे बघत राहिलो. सव्वीस वर्षं आम्ही दोघे त्याच एका डागाच्या दोन बाजूंना उभे होतो.

सुनंदाची गाठ साधी निघाली, ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्या संध्याकाळी माहीत नव्हतं. बाटली मॅडमच्या हातात देऊन, त्यांनी आमच्यासमोर काप केल्यावरच आम्ही उठलो, आणि तसेच गावी गेलो. दिवे लागले होते. पितरांचं पान दुपारीच सोडायचं, हे दादाला कुणी सांगावं लागत नाही. गावाला तोच सांगतो.

त्यानं पाय धुतले, टोपली उचलली. भात कोरडा झाला होता, खिरीवर साय धरली होती, वडे मऊ पडले होते. फोटोत आई डावा खांदा झाकून बसली होती. दादानं ओंजळीत पाणी घेतलं. मी वाट बघत होतो, आता तीन पिढ्यांची नावं येतील, मोठ्यानं, नेहमीसारखी.

पाणी बोटांतून गळून गेलं. दादानं पुन्हा घेतलं नाही.

“आई,” तो म्हणाला, “उशीर झाला.”